अक्कांच्या हाताची खबर

एप्रिल संपता संपता खानदेशात जाऊ नये, असं मला तिकीट काढताना तिघांनी बजावलं. तिघेही जळगावचेच होते. तरी मी गेले आणि त्याचं खापर मी शैलावर फोडते.

शैला माझी वसतिगृहातली मैत्रीण. जळगावच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवते. तिचं माहेर नरडाण्याजवळच्या एका खेड्यात आहे. तिने फोन केला आणि अर्धा तास आखाजीचं वर्णन ऐकवलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या चिपळूणकडे त्या दिवशी पन्हं करतात, घागर दान देतात आणि दुपारी झोपतात. खानदेशात मात्र हा दिवाळीच्या तोडीचा सण. लेकीबाळी माहेरी येतात, अंगणात झोके बांधतात, खापरावरचे मांडे, म्हणजे तापल्या मडक्यावरच्या पुरणपोळ्या, आणि आमरस यांचं जेवण होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलंय याची खात्री झाल्यावर शैला म्हणाली, "आणि आलीच आहेस तर आईचा हात जरा बघशील ना?"

मग कळलं की आमंत्रण हाताचं होतं, आमरस नुसतं आमिष होतं.

मी काही डॉक्टर नाही. पुण्याच्या एका रुग्णालयात तीस वर्षं मज्जातंतूंची तपासणी करायच्या खोलीत काढली. हातापायाला विजेचा बारीक झटका द्यायचा आणि तो निरोप नसांमधून किती वेळात कुठवर पोचला हे पडद्यावर बघायचं, एवढंच माझं काम. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. कोणी ठेच लागून कळवळलं की इतर लोक हळद शोधतात आणि मी मनात हिशोब मांडते, की कळ अंगठ्यापासून डोक्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला असेल. घरचे लोक माझ्यासमोर ठेचाळायला घाबरतात.

जळगाव

गाडीतून उतरले तेव्हा फलाटावर हवा नव्हती, भट्टीचं उघडं दार होतं. शैला मला घरी नेण्याआधी एका धाब्यावर शेवभाजी खायला घेऊन गेली. तांबडा रस्सा, वर तेलाचा तवंग, आत जाडजाड शेव. पहिला घास बरा गेला. दुसऱ्या घासाला माझे कान वाजायला लागले.

यामागचं शास्त्र मला पाठ आहे. उष्णता ओळखण्यासाठी जिभेतल्या नसांच्या टोकांना बारीक दारं असतात. गरम पदार्थाने ती उघडतात, पण मिरचीतल्या तिखटानेही तीच दारं उघडतात. भाजी निवलेली होती. तरी जिभेवरून मेंदूला वर्दी गेली की आग लागली आहे, आणि नसेने दिलेल्या वर्दीवर मेंदू विश्वास ठेवतो, कारण त्याला स्वतःला कवटीच्या बाहेर डोकावता येत नाही. त्याने घाम सोडला, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक वाहतं केलं, होते नव्हते तेवढे बंब पाठवले. आग कुठेच नव्हती. हे सगळं मी शैलाला समजावून सांगत होते, म्हणजे तसा माझा समज होता. माझ्या तोंडातून फक्त हवा येत होती.

मी गटागटा पाणी प्यायले आणि तिखट तोंडभर पसरलं. ते पाण्यात विरघळत नाही, दुधादह्याने शमतं, हे मी कितीतरी जणांना शिकवलंय. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी काही न शिकता दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा आपल्या भाजीत भाकरी चुरायला लागले.

तोंड ताळ्यावर आल्यावर शैलाने हकीकत सांगितली. तिची आई, म्हणजे गावाच्या अक्का, बाहत्तर वर्षांच्या. वर्षभरापासून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालेली. कप हातातून सुटायचे, पण त्या म्हणायच्या कपच घसरडे आलेत. फेब्रुवारीत शैलाच्या वहिनीला त्यांच्या तर्जनीवर भाजल्याचा टपोरा फोड दिसला. अक्कांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि एप्रिल लागताच शैलाच्या भावाने, रमेशने, ठरवून टाकलं की यंदा आखाजीला अक्का खापराजवळ बसणार नाहीत.

हे ऐकायला साधं वाटतं, पण अक्कांच्या मांड्याला आसपासच्या दहा गावांत तोड नाही. शिवाय आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. शैलाचे वडील, नाना, गेले त्याला नऊ वर्षं झाली. वर्षातला पहिला मांडा नानांच्या घागरीपुढे जातो आणि तो अक्कांच्याच हातचा असतो. त्या खापराजवळ बसणार नाहीत म्हणजे तो मांडा होणार नाही. तीन आठवडे अक्का रमेशशी कामापुरतंच बोलत होत्या.

"तिला तपासायला धुळ्याला न्यायचंय," शैला म्हणाली. "आई तयार नाही. करंट दिला की उरलासुरला हातही जाईल म्हणते. तू तिला पटव. आणि खापराचं नको म्हणून सांग. आमचं ऐकत नाही, जाणकार बाईचं ऐकेल."

जाणकार बाईने दह्याची दुसरी वाटी संपवली आणि होकार दिला.

नरडाण्याकडे

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. ती प्रत्येक स्टेशनावर थांबायची आणि आम्हाला मागे टाकून एक्सप्रेस धडाडत जायच्या. मी शैलाला म्हटलं की आपल्या अंगातही अशाच दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत. ज्या नसांवर चरबीचं वेष्टण असतं त्यांतला निरोप मधली स्टेशनं गाळून उड्या मारत जातो. वेष्टण नसलेल्या नसांतला निरोप पॅसेंजरसारखा इंच इंच सरकतो. म्हणून बोट दारात चेमटलं की आधी तीक्ष्ण कळ येते आणि ती जुनी झाल्यावर मागून ठणका येतो. शैला म्हणाली, समजलं, पण खिडकी लाव, झळा येतायत. खिडकीबाहेर कपाशीची नांगरून ठेवलेली रानं तापत पडली होती आणि एकही पाखरू उडत नव्हतं.

गावात पोचलो तेव्हा ऐन दुपार होती. ओसरीवर अक्का बसल्या होत्या. ठेंगण्या, सडसडीत, नऊवारीचा पदर डोक्यावर, उजवा हात पदराखाली. पाया पडायचं म्हणून मी शहाण्या मुलीसारख्या चपला अंगणाच्या कडेला काढल्या आणि फरशीवर पाय ठेवला.

पाय भाजला की तो उचलायचा हुकूम मेंदू देत नाही. तेवढा वेळ नसतो. पाठीच्या कण्यातच परस्पर निकाल लागतो, पाय उचलला जातो आणि मेंदूला मागाहून कळवलं जातं. त्याच वेळी कणा दुसऱ्या पायाला ताठ राहायला सांगतो, म्हणजे माणूस पडत नाही. व्यवस्था उत्तम आहे. फक्त माझा दुसरा पायही त्याच फरशीवर होता. मी एका पायावरून दुसऱ्यावर उड्या घेत अंगण पार केलं आणि जवळजवळ अक्कांच्या मांडीवर जाऊन पडले.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "पाय जित्ता शे तुना," त्या म्हणाल्या. पाय जिवंत आहे तुझा. मग हसल्या. तीन आठवड्यांनंतर आज हसल्या म्हणून मंगलावहिनी आतून बघायला आली.

वहिनी म्हणजे रमेशची बायको. बावीस वर्षं या घरात आहे, चुलीपासून हिशोबाच्या वहीपर्यंत सगळं तिच्या हातात. एक खापर सोडून.

संध्याकाळी मी कोठीतला मूठभर कापूस मागून घेतला, त्याची बारीक वात केली, अक्कांना डोळे मिटायला सांगितले आणि एकेका बोटाला तो टेकवत गेले. करंगळीला लागला की त्या लगेच सांगायच्या. अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला लागला तरी सांगायच्या. तिच्या दुसऱ्या बाजूला, मधल्या बोटाला, तर्जनीला, अंगठ्याला काहीच नाही. अक्का डोळे मिटून शांत वाट बघत बसल्या. मी कापूस लावलेला होता आणि त्यांना वाटत होतं मी अजून सुरुवातच केली नाही. ते मला बघवेना.

असा साडेतीन बोटांचा बधिरपणा बघितला की आमच्या धंद्यातला माणूस मनगटाकडे बोट दाखवतो. तिथे हाडं आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोळ असतो. त्या बोळातून बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्या गर्दीत एक नस. बोळ आवळला की नस चेपते, तिचं वेष्टण झिजतं, आणि निरोप रखडतो. मी हे सांगितलं, धुळ्याला चला म्हटलं, आणि मग शैलाशी ठरल्याप्रमाणे जाणकार चेहरा करून म्हणाले, "आणि अक्का, या हाताने यंदा मांडा नको. बोटांना समजतच नाही, तर पातळ किती झाला ते कसं कळणार?"

अक्कांनी हात पुन्हा पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "मांडा बोटसवर नही व्हस, बाई. हातवर व्हस. पहिले तू शिक, मंग माले सांग." म्हणजे मांडा बोटांवर होत नाही, हातावर होतो.

मांड्याची शाळा

ज्यांनी मांडा होताना बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण पुरणपोळी पोळपाटावर लाटतो. इथे पोळपाट नाही, लाटणं नाही. कणीक इतकी सैल मळतात, तेलपाणी लावून इतकी तिंबतात की ती रबरासारखी ताणली जाते. त्यात पुरण भरून गोळा दोन्ही तळहातांवर घेतात आणि तो हातांवरून फिरवत फिरवत मोठा करतात. तो पसरत मनगटं ओलांडतो, कोपराकडे चालायला लागतो, दोन्ही हातांवर ओल्या ओढणीसारखा लोंबतो. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या गोल मडक्याच्या पाठीवर त्याला अलगद सोडायचं. हे मडकं म्हणजे खापर.

सकाळी थंड चुलीपुढे माझी शिकवणी झाली. पहिला गोळा मनगटापर्यंत आला आणि फाटून माझ्या पायावर पडला. दुसरा माझ्या बांगडीत अडकला. तिसऱ्याला मी सगळं शास्त्र पणाला लावलं, बोटांनी कडा चाचपत राहिले, आणि जिथे जिथे बोट लागलं तिथे तिथे भोक पडलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. शैला उघड हसत होती.

मग अक्कांनी पदराने डोळे बांधून घेतले. नवा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. हात फिरू लागले, मांडा कोपराच्या दिशेने निघाला. मध्येच त्या थांबल्या. "आठे जाड शे," म्हणजे इथे जाड आहे, असं म्हणत त्यांनी उजव्या कोपराजवळची जागा हलवून दाखवली. मी उजेडात वाकून पाहिलं. तिथे खरंच पुरणाची गुठळी होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी.

माझा चेहरा शेवभाजीसारखा झाला. मनगटाच्या बोळातून जाणारी नस बोटांची आहे. मनगटाच्या वरच्या कातडीच्या नसा वेगळ्या, त्या या बोळातून जातच नाहीत, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मी तीन बोटं तपासली आणि सगळ्या बाईचा निकाल लावून मोकळी झाले. वर्षभर ज्या बाईला बोटं साथ देत नव्हती तिने आपलं सगळं लक्ष कोपराकडे नेऊन ठेवलं होतं, आणि मेंदू त्या तेवढ्या कातडीवरून येणारी बारीकसारीक बातमीही कान देऊन ऐकायला शिकला होता. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

मी सर्वांसमोर माझं म्हणणं मागे घेतलं. मांडा त्या करू शकतात. फक्त खापराजवळ जी बोटं जातात ती त्यांची नकोत, कारण ती भाजली तरी बोलणार नाहीत. रमेश म्हणाला की मांडा हातावर करून तो खापरावर न टाकता ठेवायचा कुठे? अक्का धुळ्याचं नावही काढू देत नव्हत्या.

त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या माहेरवाशिणी झोक्यावर जमल्या. नस म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची मला हुक्की आली. शैला आणि वहिनी धरून आठ जणींना अंगणात ओळीने बसवलं, हातात हात धरायला लावले आणि डोळे मिटायला सांगितले. पहिलीने दुसरीचा हात दाबायचा, तो दाब कळला की दुसरीने तिसरीचा. बाई जागची हलत नाही, पण दाब ओळीतून सरसर पुढे जातो. नसेतही तसंच होतं. मग मी खेळ थोडा अवघड केला. शैलाला दोघी मागून दाबणार आणि एक जण चिमटा काढणार. दोन्ही दाब एकदम आले तरच तिने पुढे दाबायचं, आणि चिमटा आला तर गप्प बसायचं. मेंदूतली प्रत्येक पेशी अशीच बसलेली असते. हजारो जणी तिला हो म्हणतात, हजारो जणी नको म्हणतात, आणि ती सगळ्यांचं ऐकून ठरवते की पुढे सांगायचं का नाही. एक माहेरवाशीण म्हणाली की आमच्या घरात सासूबाई तेच करतात. खूप हसलो.

तेवढ्यात अक्का ओसरीवरून उठून आल्या आणि ओळीत बसल्या. वहिनी आणि शैलाच्या मध्ये. सासूचा हात म्हणून वहिनीने अदबीने त्यांच्या उजव्या हाताची तीनच बोटं धरली.

पहिलीने हात दाबला. दाब सरकत वहिनीपर्यंत आला, वहिनीने दाबलं. पुढे काही गेलं नाही. वहिनीने पुन्हा दाबलं. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या, चेहऱ्यावर तीच शांत वाट बघणारी मुद्रा. ओळीतल्या पुढच्या चौघीही डोळे मिटून वाट बघत होत्या. कोणी हसलं नाही.

मग वहिनीने बोटं सोडली आणि त्यांचा हात कोपराच्या खाली धरून दाबला. लगेच शैलाचा हात दाबला गेला आणि शेवटची बाई ओरडली, पोचलं.

अक्कांनी डोळे उघडले आणि आधी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग सुनेकडे. "आते समजनं," त्या म्हणाल्या. "सकायले गाडी काढ म्हना रमेशले."

धुळे

धुळ्यात माझी जुनी ओळख कामी आली. डॉक्टर कल्पना शिकत असताना माझ्याच खोलीत हे यंत्र चालवायला शिकली होती. आता तिची स्वतःची तपासणीची खोली आहे. तिने अक्कांना खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीच करा."

मी आधी स्वतःच्या मनगटाला झटका देऊन दाखवला. माझा अंगठा टुणकन उडाला. मग अक्कांच्या मनगटाला हळूच दिला. त्यांचाही अंगठा हलला, माझ्याइतका नाही, पण हलला. अक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं पाहुण्यांसमोर आगाऊपणा करणाऱ्या नातवंडाकडे बघतात. "मी नही हालाडं," त्यांनी मला बजावून सांगितलं.

मग बोटांची पाळी. बोटात तारांची अंगठी घालून निरोप सोडायचा आणि मनगटापलीकडे तो येतोय का ते बघायचं. करंगळीचा निरोप झटक्यात आला, पडद्यावर छान उंचवटा उमटला. तर्जनीचा निरोप सोडला. रेघ सपाट. पुन्हा सोडला. अक्का पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला होता, हे मला नंतर कळलं. यंत्राचा आवाज वाढवावा तसं मी केलं, दहा-बारा निरोप एकावर एक जमा केले. तेव्हा बऱ्याच उशिरा एक बारीकसा उंचवटा वर आला, मुंगी चालावी तेवढा.

"हाऊ मी शे का?" अक्कांनी विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं. "उशिरा येताय, पण येताय."

"मरेल नही ना?"

"नाही अक्का. हात मेलेला नाही. वाटेत अडकलाय."

अक्का बराच वेळ त्या उंचवट्याकडे बघत राहिल्या. कल्पना त्यांचा हात उलटापालटा करून बघत होती. तिने मला खूण केली. तर्जनीवर आणि अंगठ्यावर एक नव्हे, पाच-सहा भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ताजे. आम्हाला एकच फोड माहीत होता. हे कसले, असं तिने विचारलं. अक्कांनी हात मागे ओढला. मग सांगितलं.

"रोज सकायले तवाले बोट लाई पाहू. भाजनं ते जित्तं शे."

म्हणजे रोज सकाळी घर जागं व्हायच्या आधी ही बाई तापल्या तव्याला बोट लावून बघत होती. भाजलं तर हात जिवंत आहे. वर्षभर रोज विचारत होती आणि रोज उत्तर येत नव्हतं. घरचे समजत होते की बधिरपणामुळे चुकून भाजलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी मिरचीचा काही संबंध नव्हता. तीस वर्षं मी माणसांच्या नसांना प्रश्न विचारत होते, पण हाच प्रश्न कोणी चुलीपाशी एकटीने विचारत असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

रमेश दाराशी उभा होता. त्याने हे ऐकलं आणि बाहेर जाऊन गाडीची काच पुसत बसला. ती स्वच्छच होती.

कल्पनाने मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. सध्या तो बांधा, पण पावसाळ्यात छोटीशी शस्त्रक्रिया करून बोळातला तो चिवट पट्टा मोकळा करून घ्या, फार लांबवू नका, म्हणाली. नसेचं वेष्टण हळूहळू भरून येतं. पूर्ण येईल का, याची खात्री तिने दिली नाही. तव्याला बोट लावणं मात्र आजपासून बंद. अक्कांनी मान हलवली, पण ती मान मी नीट पाहिली होती, म्हणून परतीच्या वाटेवर वहिनीला फोन करून तवा रात्रीच लपवून ठेवायला सांगितलं.

आखाजी

सणाच्या सकाळी नव्या घागरी भरून मांडल्या, त्यांवर छोटी मडकी, त्यांवर आंबे. आमरसाचं पातेलं एवढं मोठं होतं की त्यात मला आंघोळ घालता आली असती. चूल पेटली, खापर तापलं, वहिनीने पाण्याचा हबका मारून आच बघितली.

अक्कांनी मनगटाचा पट्टा काढून ठेवला आणि गोळा हातावर घेतला. मांडा वाढत गेला, मनगटं ओलांडून कोपरापर्यंत आला, इतका पातळ की पलीकडचा चुलीचा जाळ त्यातून दिसायला लागला. आता खाली वाकून, बोटं खापराच्या कडेशी नेऊन तो सोडायचा होता. रमेशचा प्रश्न तिथेच उभा होता.

अक्का खापराकडे वळल्याच नाहीत. त्या सुनेकडे वळल्या.

"घे मंगला. हात खाल लाव."

वहिनी जागच्या जागी उभी राहिली. बावीस वर्षांत तिने पुरण वाटलं होतं, लाकडं फोडली होती, आच सांभाळली होती. नानांच्या घागरीच्या मांड्याला तिने कधी हात लावला नव्हता, कोणी लावू दिला नव्हता. मग तिने आपले हात अक्कांच्या हातांखाली आणले.

दोन नसपेशी जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीक फट असते, आणि निरोप ती ओलांडून जातो. हे मी अनेक वर्षं चित्र काढून शिकवलं. त्या दिवशी अक्कांच्या हातांवरून मांडा वहिनीच्या हातांवर सरकताना दोघींच्या हातांमध्ये तेवढीशी फट होती. मांडा गेला. वहिनी वाकली, खापरावर सोडला. कडेला रुपयाएवढं भोक पडलं आणि वहिनीचा चेहरा उतरला.

"नाना काय आते भोकं मोजतीन का?" अक्का म्हणाल्या. रमेश मोठ्याने हसला आणि अक्कांनी त्याला, तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच आईच्या हक्काने, उगाच उभा राहू नको, आंबे पीळ, असं सांगितलं.

पुढचे चाळीस मांडे तसेच झाले, एकीच्या हातांवरून दुसरीच्या हातांवर. मी साडेतीन खाल्ले. पोटाकडूनही मेंदूला निरोप जातात की आता पुरे. ते त्या दिवशी माझ्यापर्यंत पोचले नाहीत आणि त्याला मनगटाचं काही कारण नव्हतं.

पुणे

मी परत आले. पावसाळ्यात अक्कांची शस्त्रक्रिया झाली. शैला अधूनमधून फोन करायची. टाके निघाले, ठणका कमी झाला, बोटं अजून तशीच. श्रावण गेला, नवरात्र गेलं. मी विचारायचं बंद केलं, कारण उत्तर देताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सातला फोन वाजला. पलीकडे गलका होता, भांडी वाजत होती, दोघी-तिघी एकदम बोलत होत्या. मग फोन कोणाच्या तरी हातातून कोणी तरी ओढून घेतला.

"बाई," अक्का म्हणाल्या, "भाजनं."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तव्यावरची भाकरी उलटताना तर्जनी तव्याला लागली, अक्का आई गं म्हणून ओरडल्या आणि त्यांनी हात ओढून घेतला. अक्का ओरडल्या म्हणून वहिनी रडायला लागली आणि रमेश सकाळी सात वाजता पेढे आणायला नरडाण्याला गेला. मी पुण्यात फोन धरून स्वयंपाकघरात उभी होते. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही आवरत नव्हतं.

"हासस काय," अक्का पलीकडून रागावल्या. "आग व्हई राहिनी ना."